मूळ प्रयोग आणि मुक्कामाचा प्रयोग : नाशिकच्या संदर्भात संगीत नाटकाचा विचार

मराठी संगीत नाटकाच्या इतिहासलेखनात 'पहिला प्रयोग' या घटनेला मध्यवर्ती स्थान आहे. नाटक, नाटककार, मंडळी, नाट्यगृह आणि तारीख यांची नोंद झाली की त्या नाटकाचा रंगभूमीवरील इतिहास सांगून झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर गावोगावी झालेले प्रयोग मग मूळ प्रयोगाच्या कमीअधिक फिकट प्रती ठरतात. ही धारणा कितपत ग्राह्य आहे, याचा विचार नाशिकच्या संदर्भात येथे करावयाचा आहे. नाशिकची निवड दोन कारणांनी केली आहे. एकतर ते नाटक मंडळ्यांच्या मुक्कामाचे गाव होते. शिवाय पुढील काळात संगीत नाटके लिहिणाऱ्या दोन प्रमुख नाटककारांचे ते वास्तव्याचे गाव झाले. प्रयोग बाहेरून येणे आणि संहिता येथून बाहेर जाणे, असे दोन्ही प्रवाह येथे एकत्र पाहता येतात.

१. मंडळीच्या काळातील 'मूळ'

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. 'मानापमान' १९११ मध्ये मुंबईत रंगभूमीवर आले. या दोन उदाहरणांवरून संगीत नाटक हे महानगरात जन्मून बाहेरगावी जाणारे नाटक होते, असा समज होऊ शकतो. परंतु गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' १८९९ मध्ये प्रथम इंदूरला झाले, तर राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास झाले. मंडळीचा मुक्काम आणि राजाश्रय जेथे असेल तेथे नवे नाटक उभे राहत असे. 'मूळ शहर' ही या नाटकांच्या बाबतीत बऱ्याच अंशी योगायोगाची गोष्ट होती.

याचे कारण मंडळीच्या रचनेत आहे. नाटक मंडळी हे फिरते बिऱ्हाड होते. नट, साथीदार, पडदे, पोशाख, स्वयंपाकाची व्यवस्था, सारेच गावोगाव हलत असे. तुलनेसाठी त्याच दशकातील इंग्लंडचे उदाहरण घेता येईल. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिका लंडनमध्ये चालू असतानाच डॉयली कार्ट कंपनी प्रांतांसाठी निराळे नटसंच पाठवीत असे. लंडनचा प्रयोग आणि दौऱ्याचा प्रयोग हे तेथे एकाच वेळी अस्तित्वात असलेले दोन वेगळे प्रयोग होते. किर्लोस्कर मंडळीला असा दुसरा संच नव्हता. मुंबईस गाणारा नटच नाशिकला गात असे. त्यामुळे 'मूळ' आणि 'प्रत' हा भेद येथे मुळातच लागू पडत नाही.

तरीही दोन प्रयोग एकसारखे होत नसत. मात्र ही भिन्नता उणेपणातून आलेली नव्हती. ती संगीताच्या स्वरूपातून आली होती. 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे आहेत. यांतील कोणते पद किती वेळ गायचे, हे नटाचा गळा, साथीदाराची तयारी आणि प्रेक्षकांचा 'वन्समोअर' यांवर ठरे. पुढे 'मानापमाना'च्या काळापासून पदांची संख्या घटली, पण प्रत्येक पदाचा विस्तार वाढला. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असे साथीदार होते. अशा साथीने पद रंगू लागले की प्रयोगाची लांबी प्रेक्षागृहच ठरवीत असे. या अर्थाने रसिकांचे गाव प्रयोगाच्या घडणीत सहभागी होते.

मुक्कामाच्या गावास गाळसाळ मिळत असे, हेही सरसकट खरे नाही. गंधर्व मंडळीचे नेपथ्य आणि वस्त्रवैभव हा तिच्या लौकिकाचा भाग होता आणि मंडळी ते बरोबर नेत असे. तिच्या कर्जबाजारीपणाची मीमांसा करताना या खर्चाचा उल्लेख वारंवार येतो. वैभव जर राजधानीतच ठेवण्याजोगे असते, तर हा प्रश्न त्या स्वरूपात उद्‌भवला नसता.

२. नाशिकचा 'शारदा' : एक नोंद

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाल्यामुळे त्यांच्या सन्मानार्थ तो योजिला होता. त्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. संगीत नाटकाचा बाहेरगावी झालेला इतका प्रसिद्ध प्रयोग क्वचितच सापडेल. परंतु त्याचा उल्लेख येतो तो राजकीय इतिहासात आणि तोही घटनास्थळ म्हणून. बाला-जरठ विवाहावर टीका करणारे, दहा वर्षे गाजलेले नाटक एका परक्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी निवडले जाते, म्हणजे संगीत नाटक हा तेव्हा जिल्ह्याच्या गावी प्रतिष्ठित सार्वजनिक समारंभ झालेला होता, हा त्यातील नाट्येतिहासाचा अर्थ दुर्लक्षित राहिला. पहिल्या प्रयोगावरच दृष्टी खिळल्याचा हा परिणाम होय.

३. संस्थेचे नाटक आणि दौरा

१९३१–३२ मध्ये बोलपट आला आणि फिरत्या मंडळ्यांचा आर्थिक पाया ढासळला. १९६० नंतर संगीत नाटकाचे जे पुनरुज्जीवन झाले, ते बहुतांशी मुंबईतील संस्थांनी केले. नाशिकच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे वसंत कानेटकर यांचे 'मत्स्यगंधा' १९६४ मध्ये, तर नाशिकनिवासी वि. वा. शिरवाडकर यांचे 'ययाति आणि देवयानी' १९६६ मध्ये रंगभूमीवर आले. दोन्ही नाटके मुंबईच्या दि गोवा हिंदु असोसिएशनने सादर केली आणि दोहोंचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. संहिता नाशिककराची आणि प्रयोग मुंबईचा, अशी ही वाटणी होती. नाशिकचे नाटक नाशिकला आले ते दौऱ्यावरचे नाटक म्हणून.

'मूळ' आणि 'दौरा' हा भेद खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो. कलावंतांपैकी अनेकांची नोकरी आणि बिऱ्हाड मुंबईत असे. प्रयोग ठरावीक रकमेला कंत्राटदाराकडे जाई. नेपथ्य गाडीच्या टपावर मावेल एवढे करावे लागे आणि रंगमंचाची रुंदी व खोली गावागणिक बदले. अशा दौऱ्यात नाटकाचे तीन घटक तीन प्रकारे वागतात. संहिता सर्वांत कमी बदलते. दृश्य सर्वांत आधी आक्रसते. संगीत या दोहोंच्या मध्ये राहते. अभिषेकींनी पदांची संख्या मर्यादित ठेवली आणि चाल आटोपशीर, नाट्यप्रसंगाशी बांधलेली केली. त्यामुळे त्यांची पदे प्रवासाला अधिक सोयीची झाली, असे म्हणता येईल. मात्र गायक बदलला की ही सोय अपुरी पडते. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मधील खाँसाहेबांची भूमिका आणि वसंतराव देशपांडे यांची गायकी यांचे नाते पाहिले, तर संगीत नाटकात नटबदल म्हणजे अर्थबदल कसा होतो, हे स्पष्ट व्हावे.

दौऱ्याच्या प्रयोगात काटछाट होते ही बाहेरगावच्या प्रेक्षकाची तक्रार म्हणूनच निराधार नाही. परंतु ती या दुसऱ्या काळाविषयी खरी आहे. ती मागे नेऊन मंडळीच्या काळाला लावणे हा कालविपर्यास होईल.

४. साधनांचा प्रश्न

मूळ प्रयोगाला मिळालेल्या महत्त्वाचे आणखी एक कारण साधनांत आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तिच्यात पद टिकले, पण पदाचा प्रयोगातील विस्तार टिकला नाही. भालचंद्र पेंढारकरांनी नाट्यप्रयोग ध्वनिफितींवर जतन करण्याचे मोलाचे कार्य केले, तेही मुंबईत राहून. परीक्षणे मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांत आली. जेथे नोंद अधिक, तेथेच कला श्रेष्ठ, असा निष्कर्ष यातून नकळत निघतो. तो तर्कदृष्ट्या सदोष आहे.

यावर उपाय जिल्ह्याच्या गावीच शोधावा लागेल. १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांचे दप्तर, 'गावकरी' व 'देशदूत' यांचे जुने अंक, नाट्यगृहांच्या आरक्षणवह्या, हस्तपत्रके आणि ज्येष्ठ प्रेक्षकांच्या आठवणी ही अभ्यासाची साधने आहेत. एकाच नाटकाचे मुंबईतील आणि नाशिकमधील प्रयोग घेऊन कोणती पदे वगळली, कोणत्या भूमिकेत कोण उभे राहिले, कोणत्या पदास 'वन्समोअर' मिळाला, एवढे तीन तक्ते जरी पदव्युत्तर विद्यार्थ्याने तयार केले, तरी आज केवळ मताने सांगितली जाणारी तुलना पुराव्याने करता येईल. संगीत नाटकाची संहिता छापील पुस्तकात असते, परंतु त्याचा इतिहास प्रयोगांच्या मालिकेत असतो. त्या मालिकेतील पहिला प्रयोग हा आरंभ आहे, मानदंड नव्हे.