हंगामाच्या मध्यावर बदललेला कारभारी

(द्वितीय वर्ष कला)

फुटबॉलवर अभ्यासलेख लिहिण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपणांस पडला तर तो रास्तच आहे. मी पन्हाळ्याकडच्या एका खेड्यातला. आमच्या गावात खेळ म्हणजे कबड्डी, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कोल्हापुरात आल्यावर वसतिगृहातील शिवाजी पेठेच्या मित्राने मला शाहू स्टेडियमवर नेले, आणि पेठापेठांतील माणसे आपापल्या तालमीच्या संघासाठी कशी जीव टाकतात ते मी प्रथमच पाहिले. सामना हरल्यावर एक पन्नाशीचे गृहस्थ पायरीवर डोके धरून बसले होते. घरी कोणी गेले असावे असे मला वाटले. मित्र म्हणाला, "तसं काही नाही, आम्ही हरलो इतकंच."

तेव्हापासून मला खेळाडूंपेक्षा प्रेक्षकांचे कुतूहल अधिक वाटू लागले. पुढे समाजशास्त्राच्या तासाला सरांनी प्रत्येकाला एक विषय घेऊन टिपण करावयास सांगितले, तेव्हा मी हा विषय घेतला : चालू हंगामात क्लबने आपला मॅनेजर काढून टाकला, तर त्या क्लबवर प्रेम करणारी माणसे काय करतात? इंग्लंडात मॅनेजर म्हणजे नुसता प्रशिक्षक नव्हे. संघ निवडणे, डावपेच ठरवणे, कोणाला बसवायचे आणि कोणाला खेळवायचे हे पाहणे, आणि हरल्यावर सर्वांसमोर उभे राहणे, ही सर्व कामे त्याची. आपल्याकडे ज्याला कारभारी म्हणतात, तसाच तो.

उदाहरण म्हणून मी लेस्टर सिटी हा क्लब घेतला. लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातील गाव. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले हजारो गुजराती लोक तेथे स्थायिक झाले, म्हणून आपल्याकडेही ते नाव काहींना ठाऊक असते. क्लब १८८४ चा, पण एकशे तीस वर्षांत त्याने पहिल्या श्रेणीतील विजेतेपद कधी मिळवले नव्हते. जुलै २०१५ मध्ये क्लॉडिओ रानिएरी हे इटालियन गृहस्थ तेथे मॅनेजर म्हणून आले. त्याआधी ग्रीसच्या राष्ट्रीय संघावरून त्यांना काढले होते, कारण ग्रीस स्वतःच्या मैदानावर फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून हरला होता. लेस्टरचाच सुपुत्र असलेला प्रसिद्ध माजी खेळाडू गॅरी लिनेकर याने या नेमणुकीवर उघड नवल व्यक्त केले होते. सट्टेवाल्यांनी लेस्टरच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव दिला होता. आणि २ मे २०१६ रोजी लेस्टर विजेता ठरला! ८१ गुण, आणि दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनल दहा गुणांनी मागे. (लेस्टर जिंकल्यास अंतर्वस्त्रांवर कार्यक्रम सादर करीन, असे लिनेकर बोलून बसला होता. त्याने तो शब्द पाळला.)

आता पुढचा भाग पाहू. पुढील हंगामात कान्ते हा मधल्या फळीतील आधारस्तंभ चेल्सीने विकत घेतला, आणि संघाची घडी विसकटली. २३ फेब्रुवारी २०१७ पर्यंत २५ सामन्यांत २१ गुण, स्थान सतरावे, खालच्या श्रेणीत ढकलले जाण्यापासून फक्त एका गुणाचे अंतर. नव्या वर्षात सहा लीग सामने झाले आणि त्यांत एकही गोल नाही. विजेता संघ लगेच पुढल्या वर्षी खाली घसरण्याचा प्रकार इंग्लंडात त्यापूर्वी एकदाच घडला होता, १९३८ साली मँचेस्टर सिटीच्या बाबतीत. क्लबच्या मालकांनी फेब्रुवारीच्या प्रारंभी रानिएरींवर पूर्ण विश्वास असल्याचे पत्रक काढले, आणि २३ तारखेला त्यांना काढून टाकले. आदल्याच दिवशी संघ सेव्हिया येथे युरोपातील सर्वांत मोठ्या स्पर्धेचा सामना २-१ असा खेळून आला होता. हरला होता खरा, पण परतीच्या सामन्याची आशा शिल्लक होती.

येथे प्रेक्षकांचा प्रश्न सुरू होतो. अमेरिकेत काम केलेले अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक ग्रंथ लिहिला. एखादी संस्था बिघडू लागली म्हणजे तिच्याशी जोडलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, असे ते सांगतात. एक, सोडून जाणे. दुसरी, आतून आवाज उठवणे. आणि या दोन वाटांतील निवड ठरवणारी तिसरी गोष्ट म्हणजे निष्ठा. साबण वाईट निघाला तर आपण दुसरा साबण घेतो, त्याच्या कारखान्याला पत्र लिहीत बसत नाही. फुटबॉलच्या प्रेक्षकाला ही पहिली वाट जवळजवळ बंद असते. लेस्टरचा मनुष्य रागाने उठून शेजारच्या नॉटिंगहॅमच्या संघाचा चाहता होईल, हे अशक्य. शिवाजी पेठेतला माणूस मंगळवार पेठेच्या बाजूला जाऊन बसेल काय? सोडून जाता येत नाही म्हणून आवाज वाढतो, हे हर्शमन यांचे म्हणणे येथे तंतोतंत लागू पडते.

पण आवाज कोणाविरुद्ध, हे मात्र सोपे नसते. लेस्टरमध्ये तीन सूर होते असे मला वाचनातून दिसले. एक सूर कृतज्ञतेचा : ज्याने आम्हाला जन्मात एकदाच मिळणारा दिवस दाखवला, त्याला नऊ महिन्यांत घालवता? लिनेकरने ही गोष्ट अक्षम्य ठरवली, आणि चेल्सीने ज्याला असेच काढले होते त्या मोरिन्यो यांनी तर दुसऱ्याच दिवशी रानिएरींची आद्याक्षरे छातीवर लावून पत्रकारांना सामोरे जाणे पसंत केले. दुसरा सूर हिशेबाचा : खालच्या श्रेणीत गेलो तर कोट्यवधी पौंड बुडतील, खेळाडू जातील, कृतज्ञतेने गुण मिळत नाहीत. तिसरा सूर संशयाचा. खेळाडूंनीच मालकाचे कान भरले, ते मुद्दाम मन लावून खेळले नाहीत, अशी बोलवा उठली. खेळाडूंनी ती नाकारली. तरीही जेमी वार्डी या मुख्य गोलकर्त्याने आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्याचे मार्च २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले. प्रेमाचा आवाज कोठवर घसरू शकतो याचा हा नमुना होय, आणि त्याचे समर्थन मला कोणत्याही सिद्धान्ताने करता येत नाही.

२७ फेब्रुवारीला लिव्हरपूलशी सामना झाला. रानिएरींचे वय तेव्हा ६५ होते, म्हणून ६५ व्या मिनिटाला प्रेक्षकांनी मोबाईलचे दिवे उंचावून त्यांची आठवण जागवली. गंमत अशी की तोपर्यंत लेस्टर ३-० असा पुढे होता, आणि त्याच प्रेक्षकांनी ते तिन्ही गोल ओरडून साजरे केले होते! शेवटी सामना ३-१ असा जिंकला. सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाताखाली संघाने सलग पाच लीग सामने जिंकले, सेव्हियालाही परतीच्या सामन्यात २-० असे हरवले, आणि ४४ गुणांसह बारावे स्थान गाठले. माझ्या वर्गातील एका मित्राने हे ऐकून तात्काळ निकाल दिला, "म्हणजे काढलं तेच बरोबर."

बरोबर काय? येथे मला आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील गुळव्या आहेत. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात चिपाड जळत असते, मळी काढणारे मळी काढतात, पण पाक नेमका केव्हा उतरवायचा हे ठरवणारा तो गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. मी दहावीत असताना वडील हंगामाच्या बोलीवर एका गुऱ्हाळावर होते. आधीच्या वर्षी त्यांच्या हातच्या गुळाला बाजारात चांगला दर आला होता, मालकाने फेटाही बांधला होता. पुढल्या हंगामात नदीकाठच्या, पुराने लोळलेल्या उसाच्या खेपा येऊ लागल्या. गूळ चिकट आणि काळपट निघू लागला. चार आधणे बिघडली, आणि जानेवारीत मालकाने वडिलांना त्या दिवसापर्यंतचा हिशेब देऊन घरी पाठवले. दुसरा गुळव्या आला. तोवर काठाचा ऊस संपून माळावरचा ऊस सुरू झाला होता. गूळ पिवळाधमक निघाला. सगळे गाव म्हणाले, गुळव्या बदलला म्हणून गूळ सुधारला. मीही मनात तेच म्हणालो होतो, हे येथे कबूल करतो. वडिलांना तोंडावर काही बोललो नाही, पण त्यांचे चुकले असावे असे मी धरून चाललो होतो.

या टिपणासाठी वाचताना बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाचा २०११ चा अभ्यास माझ्या हाती आला, आणि मी थबकलो. त्यांनी हॉलंडच्या पहिल्या श्रेणीतील १९८६ ते २००४ या अठरा हंगामांचे निकाल तपासले. मॅनेजर काढल्यावर संघ सुधारतो, हे खरे. पण त्यांनी तेवढ्यावर न थांबता, तितकीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर काढला नाही असे संघ शेजारी ठेवून पाहिले. तेही तितकेच सुधारले होते! कारण उघड आहे. मॅनेजर काढला जातो तो संघ अगदी तळाला असताना; आणि तळाला गेलेली गोष्ट बहुधा आपल्या नेहमीच्या पातळीकडे परत येतेच. मधल्या काळात जो खुर्चीवर असेल त्याला यश मिळते. आमच्या गुऱ्हाळावर काठाचा ऊस कधी संपला, हे कोणी मोजले नव्हते.

अर्थात म्हणून लेस्टरची चूकच झाली असे मी म्हणणार नाही. अभ्यास सरासरीविषयी बोलतो, एका क्लबविषयी नाही. पण याच क्लबचा पुढला इतिहास पाहावा. २०२१ मध्ये एफ. ए. कप जिंकून देणारे ब्रेंडन रॉजर्स यांच्याविरुद्ध पुढे प्रेक्षकांनीच ओरड केली. एप्रिल २०२३ मध्ये त्यांना काढले, आणि लेस्टर तरीही खालच्या श्रेणीत गेला. उपाय तोच, रोग वेगळा. शेक्सपिअर यांचेही तसेच झाले. जून २०१७ मध्ये त्यांना कायम केले आणि ऑक्टोबरमध्ये काढले.

आणि रानिएरी? पुढे फुलहॅम, सॅम्पदोरिया, वॉटफर्ड या क्लबांनी त्यांना बोलावले ते दुसऱ्या कोणाला हंगामाच्या मध्यावर काढूनच. फुलहॅम आणि वॉटफर्डने त्यांनाही हंगाम पुरा करू दिला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोमाने त्यांना परत आणले. तेथे सप्टेंबरमध्ये डी रॉसी या लाडक्या माजी खेळाडूला काढल्यावर प्रेक्षक इतके खवळले होते की क्लबच्या मुख्य अधिकारी बाईंना राजीनामा द्यावा लागला. रानिएरी आले तेव्हा संघ बाराव्या क्रमांकावर होता, हंगामाअखेर पाचवा आला. या वेळी सगळी रोमनगरी त्यांचा हात गुणाचा म्हणाली. तेर वेल यांना विचारले असते तर त्यांनी बहुधा मान हलवली असती.

लेस्टरच्या प्रेक्षकांना दुटप्पी म्हणण्याचा मोह मला प्रथम झाला होता. रडायचे रानिएरींसाठी आणि ओरडायचे शेक्सपिअरच्या संघासाठी, हे कसे? आता तसे वाटत नाही. आभार मानणे हा एक हिशेब आहे आणि संघ जिंकावा असे वाटणे हा दुसरा; दोन्ही एकाच छातीत राहतात. ज्या थाई मालकाने रानिएरींना काढले, ते विचाई श्रीवद्धनप्रभा २७ ऑक्टोबर २०१८ रोजी मैदानाबाहेरच हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हा त्याच गावाने तेथे फुलांचे ढीग रचले.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे टिपण वडिलांना वाचून दाखवले. इंग्रजी नावे त्यांना समजली नाहीत, पण लोळलेल्या उसाचा भाग आला तेव्हा त्यांनी विडी बाजूला ठेवली. डच माणसाचा अभ्यास मी दोनदा सांगितला. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, "त्या इटलीच्या बाबाला हंगामाचं पैसं पुरं मिळालं का रं?"

त्याचा करार लेखी होता, २०२० पर्यंतचा, असे मी सांगितले.

"लेखी व्हतं व्हय," असे म्हणून ते वैरण टाकायला उठले.