कोणता दिवा लागला, ते आधी पाहा

बाबू, आता ट्रॅक्टर तुझ्या हातात आहे, तर मीटरवरच्या दिव्यांचं एकदा ऐकून घे. तेलाचा दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला तर मात्र एकदम बंद करायचं नाही. नवीन पोरं नेमकं उलटं करतात.

तेलाच्या दिव्याचा अर्थ तेल कमी झालं एवढाच नसतो, तेलाचा दाब पडला असा असतो. दाब नसला की क्रँक कोरडा घासतो. ‘धुऱ्यापर्यंत नेतो, मग पाहतो’ म्हणेस्तोवर बेअरिंग गेलेलं असतं. म्हणून तास अर्धं राहिलं तरी राहू दे, स्टॉप खेच. दहा मिनिटं तेल खाली उतरू दे आणि सपाट जागी गेजकाडी पाहा. तेल बरोबर असेल तर ऑइल स्विचची वायर काढून फक्त चावी फिरव. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला तर ती कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. विझला तर वायर ठीक. मग दोष स्विचचा किंवा खरंच दाबाचा. यातलं कोणतं, हे अंदाजानं ठरवायचं नाही. मिस्त्रीला स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून पाहायला सांग, तोवर सेल्फ मारू नको.

आणि काडीवर तेल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नको, तेल आपोआप वाढत नसतं. वास घे. डिझेलचा आला तर पंपातून किंवा नोझलकडून डिझेल चेंबरात उतरतंय. तेल पातळ होतं आणि गरम झाल्यावर दाब धरत नाही. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुतेक हेड गॅसकेट.

आता टेंपरेचर. आपल्याकडे हा काटा उन्हाळ्यात चढतो हे सगळ्यांना माहीत आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण मी म्हणतो, उन्हाळ्यापेक्षा सोयाबीन काढणीत जास्त जपावं. थ्रेशरला जोडलेला ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी उभा असतो, आणि पंखा समोरून जी हवा ओढतो तिच्यात नुसतं कुटार. रेडिएटरच्या जाळीवर त्याचा गादीसारखा थर बसतो. संत्र्याच्या बगीच्यात ब्लोअर चालवताना वाळकी पानं हेच करतात. कोकणात होडीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, तिथे पाणी ओढायच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली की तोच प्रकार. हवा घ्या की पाणी, वाट बंद झाली की इंजिन तापणारच.

काटा चढला की पीटीओ सोड, गिअर न्यूट्रलला आण, आणि थोड्या रेसवर तीन-चार मिनिटं चालू ठेव. पाणी फिरत राहतं, उष्णता बाहेर पडते. एकदम बंद केलंस तर फिरणं थांबतं आणि हेडजवळचं पाणी तिथेच उकळतं. अपवाद एकच: होज फुटला, पाणी गेलं किंवा पट्टा तुटला तर लगेच बंद. पट्टा कसा ओळखायचा? बॅटरीचा दिवा लागला आणि मागोमाग काटाही चढला, तर बॉनेट उघडायच्या आधीच समज. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप बहुतेक ट्रॅक्टरांत एकाच पट्ट्यावर फिरतात.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. आत पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटताच वाफ होऊन तोंडावर येतं. थंड झाल्यावरच पाणी टाक. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. बोअरचं पाणी रोज टाकायची सवय मोड, आतून क्षार धरतो, कूलंटच वापर. जाळी मागून पुढे, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, हलक्या हवेनं झाड. समोरून जोरात पाणी मारलंस तर कचरा आत रुततो आणि पत्र्या वाकतात.

काहीजण बझरचा आवाज नको म्हणून चालत्या ट्रॅक्टरची चावी बंद करतात. जुन्या, स्टॉप खेचायच्या ट्रॅक्टरात त्यानं इंजिन बंद होत नाही, फक्त दिवे आणि काटे मरतात. मग तेल संपलं तरी सांगणारं कोणी नाही. असं करणाऱ्या ड्रायव्हरला मी तर दुसऱ्या दिवशी बोलावणार नाही.

उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी नुसती चावी फिरव. तेलाचा आणि बॅटरीचा, दोन्ही दिवे लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू झालं की दोन्ही विझले पाहिजेत. चावीवर एखादा लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा वायर सुटली आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय ट्रॅक्टर वावरात नेऊ नको.