शिंगांचे पेले : स्वच्छता आणि दुरुस्ती

नागालँडमधील अनेक जमातींत मिथुनाच्या शिंगाचा पेला मानाचा समजला जातो. मिथुन हा गव्याशी जवळचे नाते असलेला, रानात मोकळा चरणारा, परंतु पाळीव प्राणी होय. त्यावरील संशोधनासाठी मेदझीफेमा येथे १९८८ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन करण्यात आले. तांदूळ आंबवून केलेले पेय अशा पेल्यातून घेण्याची तेथे जुनी रीत आहे. घरात जपलेला जुना पेला पुन्हा वापरात आणावयाचा, तर प्रथम शिंगाचे स्वरूप जाणून घेतले पाहिजे.

गाय, म्हैस, मिथुन यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरील पोकळ आवरण. ते नखाप्रमाणेच केराटिन या द्रव्याचे असते. (सांबराचे शिंग भरीव हाडाचे, त्याचा पेला होऊ शकत नाही.) उष्णतेने केराटिन मऊ पडते. कारागीर याच गुणाचा उपयोग शिंगाला आकार देण्यासाठी करतात. पण तयार पेला निर्जंतुक करण्याच्या उत्साहात उकळत्या पाण्यात बुडविला, तर तो वेडावाकडा होतो. कॉस्टिक सोडा तर केराटिनच विरघळवितो.

ताज्या शिंगातील गाभा सैल होण्यासाठी ते काही आठवडे पाण्यात भिजत ठेवतात. हे काम वस्तीपासून दूर केलेले बरे. दुर्गंधी असह्य असते. गाभा निघाल्यावर आतील पापुद्रे खरवडून कोमट पाणी, सौम्य साबण व लांब दांड्याचा ब्रश यांनी शिंग धुवावे आणि सावलीत वाळवावे. उन्हात ते तडकते. बाहेरचा खडबडीतपणा काचेच्या तुकड्याने तासून, पॉलिशकागदाने घासून काढावा. शेवटी मधमाश्यांचे शुद्ध मेण वितळवून आत ओतावे, शिंग फिरवून सर्वत्र पसरवावे व उरलेले काढून घ्यावे. हे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. म्हणून अशा पेल्यात चहा घेता येत नाही.

जुन्या वस्तूंबाबत अधिक दक्षता हवी. कीड लागू नये म्हणून संग्रहातील वस्तूंना पूर्वी आर्सेनिकयुक्त द्रव्ये लावीत. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, असे शिंग शोभेपुरतेच ठेवावे. काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, दगावल्याचा संशय असलेल्या जनावराच्या शिंगाला तर हातही लावू नये. या रोगाचे बीजाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अशी घटना घडताच ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे.

महाराष्ट्रात राधानगरीसारख्या गव्यांच्या प्रदेशात आणखी एक प्रश्न उद्भवतो. गवा हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. मालकी प्रमाणपत्राशिवाय त्याचे शिंग बाळगणे हा गुन्हा ठरतो. शिवारात सापडलेले असे शिंग घरी किंवा शाळेच्या संग्रहात न नेता वन विभागाच्या स्वाधीन करावे.