फी भरण्याआधी गृहपाठ मागव

संग्रहालयातली नोकरी सांभाळून संग्रहालयशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी करावी असं तुझ्या मनात आहे. विचार चांगला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विषय १९५२ पासून शिकवला जातो, पण तिथे जायचं म्हणजे नोकरी सोडून बिऱ्हाड हलवायचं. ते ज्यांना जमलं ते शिकले. बाकीची हुशार माणसं आयुष्यभर दाखल नोंदवही लिहीत राहिली आणि बढतीच्या वेळी मागे पडली. आज लेस्टर विद्यापीठ दूरशिक्षणाने ही पदवी देतं, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सची एम.ए. ऑनलाइन करता येते. तुला मिळालेली ही संधी मोठी आहे, म्हणूनच ती पारखून घे.

आधी ठरव, पदवी कशासाठी हवी? पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात किंवा दुसऱ्या सरकारी संग्रहालयात अभिरक्षक व्हायचं असेल, तर जुन्या जाहिराती काढून अर्हतेचा रकाना शब्दन् शब्द वाच. भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. मात्र ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असायला हवा. परदेशी ऑनलाइन पदवीचं तसं नाही. तिला इथे समकक्षता मिळेल असं गृहीत धरू नकोस. आधी लेखी विचार, लेखी उत्तर आलं तरच पुढे जा. प्रवेश विभागातला माणूस फोनवर गोड बोलतो, पण सरकारी नोकरीच्या छाननीत त्याचा काही उपयोग नाही. खासगी विश्वस्त संस्थेत राहायचं असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

आता खरी गोष्ट. पूर्णवेळ विद्यार्थ्याकडे नसलेली एक गोष्ट तुझ्याकडे आहे: तुझं स्वतःचं स्टोअर. गृहपाठ त्या स्टोअरवर करू देणारा अभ्यासक्रमच निवड. संग्रह-व्यवस्थापनाच्या पेपरला दोन दाखल क्रमांक पडलेल्या किंवा क्रमांकच नसलेल्या वस्तूंचा छडा लाव. प्रतिबंधक जतनाच्या पेपरला पोथ्यांच्या कपाटातली आर्द्रता जून ते सप्टेंबर रोज मोजून तिचा आलेख काढ. पाश्चात्त्य पुस्तकं बहुधा थंड प्रदेशातल्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. कोकणातल्या जुलैत कपाटं किती ओल धरतात ते त्यांत सापडणार नाही. दिवसा एसी लावायचा आणि संध्याकाळी कुलूप लावताना बंद करायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. त्याने आर्द्रता रोज खाली-वर होते आणि लाकूड, हस्तिदंत, रंगाचा थर यांना त्या चढउताराचा त्रास होतो. हे तू आकड्यांनिशी मांडलंस, तर प्राध्यापक गुण देतील आणि तुझे विश्वस्तही ऐकतील. दोन वर्षांनी तुझ्या हाती पदवी असेल आणि संग्रहालयाकडे सुधारलेली नोंदवही. अशी पदवी मला मोलाची वाटते.

ऑनलाइन वर्गात स्टोअरचे फोटो टाकताना मात्र सांभाळ. संस्थेची परवानगी घे. स्टोअरचा नकाशा, कपाटांचे क्रमांक, कुलपं, मौल्यवान नाणी कुठे ठेवली आहेत, यातलं काहीही पडद्यावर जाता कामा नये.

हाताचं काम पडद्यावर येत नाही. तिरप्या प्रकाशात चित्राचे सुटलेले पापुद्रे ओळखणं, जुनी पैठणी घडीच्या रेषेवर फाटणार नाही अशी उचलणं, दार उघडताच बुरशीचा वास हेरणं, कसर लागलेला कागद वेगळा काढणं, हे जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच येतं. जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासक्रमातही दोन आठवड्यांच्या प्रत्यक्ष हजेरीचा भाग राहिला आहे. तशी हजेरी असेल तर व्हिसा, विमान आणि राहणं यांचा खर्च फीमध्येच मिळव. नसेल तर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतनकेंद्र यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेव आणि दरवर्षी एक तरी कर.

वेळेचा हिशेब घरच्यांसमोर बसून कर. आठवड्याला दहा-बारा तास धर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला वर्ग असेल, तर आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात, उन्हाळ्यात साडेतीन. तास आपल्या सवडीने ऐकता येतात का, हे म्हणूनच पहिल्या पत्रात विचार. पैशाबाबत माझं मत कडक आहे: या पदवीसाठी कर्ज काढू नकोस. आपल्या क्षेत्रातले पगार ते फेडण्याएवढे नाहीत. संस्थेने निम्मी फी उचलावी म्हणून अर्ज कर आणि त्यात गृहपाठातून संस्थेची कोणती कामं मार्गी लागतील ते लिही.

त्याआधी फुकटात मिळणारं शिकून घे. रोममधल्या इक्रोम या संस्थेची री-ऑर्ग पद्धत विस्कटलेलं स्टोअर लावण्यासाठीच तयार झाली आणि तिची पुस्तिका विनामूल्य मिळते. गेट्टी जतनसंस्थेची कितीतरी प्रकाशनंही तशीच खुली आहेत. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय संग्रहालयांसाठी केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली समजून घे. या बळावर एक खोली जरी लावलीस, तरी पदवीच्या अभ्यासात टिकशील की नाही हे तुझं तुलाच कळेल.

आता लगेच करायचं काम एवढंच. ज्या दोन-तीन विद्यापीठांचा विचार आहे, त्यांना पत्र लिहून गेल्या वर्षीच्या गृहपाठांचे नमुने आणि शिकवणाऱ्यांची नावं मागव. त्यातल्या किती जणांनी स्वतः संग्रहालयात काम केलं आहे ते बघ. नमुने देत नसतील, तर तिथे एक रुपयाही भरू नकोस.