मुक्कामाची गाडी आणि आमची ग्रामपंचायत

आमच्या हजेरीपत्रकांत दिवाळीनंतर रिकाम्या चौकटी वाढूं लागतात. त्यांपैकीं पुष्कळांचें कारण आम्हांस ठाऊक असतें : घरचीं माणसें ऊसतोडीस गेलीं आणि मुलें त्यांच्याबरोबर गेलीं. कांहीं चौकटी तापाच्या, कांहीं कापूसवेचणीच्या. ह्या बाजूस काढल्या तरी ज्या उरतात त्यांचें उत्तर एकच मिळतें : "सर, गाडी चुकली." हें उत्तर मुलांपेक्षां मुलींच्या तोंडीं अधिक असतें. मुलगा सायकलीवर येतो, नाहीं तर जीपच्या मागें लोंबकळत येतो. मुलीस तसें पाठविण्यास आईबाप धजत नाहींत, आणि त्यांस दोष तरी कसा द्यावा? दोन वर्षें गाडी चुकत राहिली म्हणजे मुलीची शाळाच चुकते.

घाटनांदूर हें परळी-विकाराबाद लोहमार्गावरील स्टेशन. परंतु आमच्या तालुक्याचें ठिकाण जें अंबाजोगाई, तेथें आगगाडी नाहीं. तेव्हां दवाखाना, कचेरी व महाविद्यालय ह्यांसाठीं आमच्या लोकांस मोटारगाडीवांचून गत्यंतर नाहीं. हा मुलूख निजामाच्या राज्यांत असतां, १९३२ च्या जूनमध्यें, तेथील रेल्वेखात्यानेंच २७ गाड्या घेऊन मोटारवाहतूक सुरू केली होती. मुंबई इलाख्यांत असा आरंभ १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर झाला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९६१ पासून आमच्या गाड्या महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या 'एस.टी.'च्या, झाल्या.

गाडी महामंडळाची, आगार महामंडळाचें. मग ग्रामपंचायतीच्या हातांत काय? असें पालक विचारतात, व बहुधा तेथेंच बोलणें संपतें.

एस.टी.च्या व्यवहारांत 'भारमान' असा एक शब्द आहे. गाडींत जितक्या जागा, त्यांपैकीं शेंकडा किती भरल्या, तें भारमान. ज्या फेरीचें भारमान सतत कमी, तिच्यावर प्रथम कात्री चालते. येथें एक चक्र फिरूं लागतें. फेरी बेभरंवशाची झाली कीं लोक काळ्यापिवळ्या जीपकडे वळतात. लोक वळले कीं भारमान उतरतें. तें उतरलें कीं फेरी बंद होते. भाडें कमी केल्यानें हें चक्र थांबेल असें पुष्कळांस वाटतें. मुंबईच्या 'बेस्ट'नें ९ जुलै २०१९ पासून किमान भाडें ८ रुपयांवरून ५ रुपये केलें, तेव्हां प्रवासी खरोखरच भराभर वाढले; परंतु गाड्या त्या मानानें वाढल्या नाहींत, आणि २०२५ च्या मे महिन्यांत तेंच भाडें १० रुपये करावें लागलें. आमच्याकडे तर सवलती आहेतच : विद्यार्थ्याच्या पासास एक तृतीयांश भाडें, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट. पण गाडी नेमकी केव्हां येईल हेंच ठाऊक नसेल, तर अर्ध्या तिकिटाचे पैसे मुठींत धरून बाईनें किती वेळ उभें राहावें?

म्हणून आमच्या मतें खेड्याच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची गाडी म्हणजे मुक्कामाची गाडी. ती शेवटची फेरी करून रात्रीं गांवांतच थांबते, चालक व वाहक गांवांत निजतात, आणि पहांटे तीच गाडी पहिली फेरी घेऊन निघते. तिच्यांत दवाखान्यास निघालेली म्हातारी असते, दुधाचे कॅन असतात, सकाळच्या शाळेचीं मुलें असतात. पहांटे तिला दुसरीकडून कोठून यावयाचें नसतें, म्हणून तिचा भरंवसा. परंतु ती आणणारीं माणसें राहतात कोठें? कित्येक गांवीं तीं गाडींतल्या बाकांवरच, डासांत, अंग टाकतात. पहांटे तोंड धुण्यास पाणी नाहीं, आणि शौचास उघड्यावर जावें लागतें. दिवसभर गाडी हांकलेल्या मनुष्याची झोप न होणें म्हणजे मागें बसलेल्या मुलांच्याही जिवाशीं खेळ. आतां तर वाहकाच्या कामावर स्त्रियाही आहेत. त्यांनीं अशा मुक्कामास कसें जावें?

येथें ग्रामपंचायतीचें काम लागतें. एक कोरडी खोली, आंतून कडी असलेलें दार, दिवा, पंखा, दोन खाटा, पाणी, स्वच्छ शौचालय, आणि गाडी उभी करण्यास उजेडाची जागा. नवी इमारत नको. समाजमंदिराची एखादी खोली पुरे. पूर्वीं मुक्कामाच्या गाडीच्या माणसांस घरोघरून भाकरी जात असे असें वडील माणसें सांगतात. ती रीत गेली याचें आम्हांस वाईट वाटतें. पण भाकरीपेक्षां कडी आज अधिक निकडीची आहे.

बाकीचीं कामें लहान आहेत. रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या छाटणें, निवाऱ्यांतील कडबा हलविणें, गाड्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत रंगवून थांब्यावर लावणें.

दोष नेहमीं दुसऱ्याचाच असतो असेंही नाहीं. एके वर्षीं आमची शेवटची घंटा होई त्याच्या पांच मिनिटें अगोदर संध्याकाळची गाडी निघून जाई. वर्षभर आम्ही गाडीस बोल लावीत होतों. अखेर आठवीच्या एका मुलीनें विचारिलें, "सर, घंटा तर आपल्याच हातांत आहे ना?" पुढच्या सोमवारपासून शाळा दहा मिनिटें अगोदर भरूं लागली.

यंदा नववीच्या वर्गानें एक काम अंगावर घेतलें आहे. आठवडाभर, बाजाराचा दिवस धरून, आळीपाळीनें थांब्यावर उभें राहावयाचें व मोजावयाचें : किती वाजतां किती माणसें कोठें जाण्यास उभीं होतीं, एस.टी.नें किती गेलीं, जीपनें किती, आणि किती घरीं परतलीं. 'आमच्या गांवास गाडी द्या' एवढाच अर्ज आगारांत गेला, तर तो इतर अर्जांच्या ढिगांत पडावयाचा. त्यास असा कागद जोडला म्हणजे भारमानाची भाषा समजणाऱ्यास तो वाचावाच लागेल. सुटीचा एक आठवडाही मोजणींत धरावा असें आम्हीं सुचविलें आहे. सुटींत गाडी रिकामी धांवते, हें लपवून मागितलेली फेरी टिकणार नाहीं.

ग्रामसभेंत मत मतदारांचें, विद्यार्थ्यांचें नव्हे. म्हणून ठराव मांडणें पालकांकडे आहे. १ मे रोजीं झेंडावंदनानंतर सभा भरेल तोंवर कागद तयार होईल. त्या खोलीची किल्ली रात्रीं कोणाच्या घरीं राहावी, एवढा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाहीं.