चार डॉलरचा चार्जर

गेल्या महिन्यात मी ऑनलाइन चार डॉलरला फोनचा चार्जर मागवला. तीन आठवड्यांनी आला, तोही चेपलेल्या खोक्यात. चिडून एकच तारा देणार होतो. बायको म्हणाली, "अरे, चार डॉलरमध्ये आणखी काय हवं तुला?" पटले.

पण रात्री मुलीच्या उशाशी तो हात लावू नये इतका तापला. वर्णनात यूएलची, म्हणजे सुरक्षिततेच्या चाचणीची खूण होती, चार्जरवर नव्हती.

ईबेवर १९९५ साली विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे १४.८३ डॉलरचा मोडका लेझर पॉइंटर! घेणाऱ्याची तक्रार नव्हती, कारण तो मोडका असल्याचे आधीच सांगितले होते. उशीर आणि खोके मी स्वस्ताईच्या खात्यात टाकले. खोटे वर्णन व धोका मात्र अभिप्रायात स्पष्ट लिहिला.

"पैसे परत देतो, अभिप्राय काढा," असे विक्रेत्याचे पत्र आले. काढला नाही. ग्राहकाने वाईट अभिप्राय देऊ नये अशी अट छापील करारात घालणे इथे २०१६ च्या कायद्याने रद्दबातल ठरते. शिवाय सेफरप्रॉडक्ट्स डॉट गव्ह या सरकारी स्थळावर तक्रार नोंदवली. त्याला दहा मिनिटे लागली.