परदेशी पेमेंट अडतं कुठे?

प्रश्न : आम्ही जर्मनीहून सुटे भाग मागवतो. बँकेच्या पोर्टलवर भरलेलं पेमेंट दोन दिवसांनी कारण न देता परत येतं. दोष कायद्याचा की सॉफ्टवेअरचा?

उत्तर : बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा. ‘फेमा’ या परकीय चलन कायद्याखाली बँकेला परपज कोड (पेमेंटच्या उद्देशाचा संकेतांक) आणि कागदपत्रं तपासावीच लागतात; शिवाय 2016 पासून आयातीचं बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काचं आयातपत्र) रिझर्व्ह बँकेच्या ‘आयडीपीएमएस’ या आयात-नोंद प्रणालीत पेमेंटशी जुळवावं लागतं. पण आगाऊ रकमेला एस0101 आणि बीजकाची रक्कम भरताना एस0102, एवढा फरक पोर्टलने अर्ज भरतानाच का विचारू नये? बँकांमधल्या ‘स्विफ्ट’ या संदेशव्यवस्थेच्या जुन्या संदेशात लाभार्थीचं नाव-पत्ता 35 अक्षरांच्या चार ओळींत कोंबावा लागे. ‘अँड’चं चिन्ह किंवा ‘म्युलर’मधल्या ‘यू’वरचे दोन ठिपके चालत नसत. अशी अक्षरंही पोर्टल निमूट स्वीकारायचं आणि पेमेंट अडायचं ते पुढे. पेमेंट का परतलं हे न सांगण्यासाठी बँका सुरक्षेचं कारण पुढे करतात. निर्बंधांच्या यादीशी नाव जुळलं, तर मौन समजण्यासारखं आहे; चुकलेलं अक्षर मात्र गुपित नव्हे. तेव्हा फॉरेक्स डेस्ककडे ईमेलवर नेमकं कारण मागा आणि संदेश गेला असेल, तर स्विफ्टची प्रतही.